सड्यावरचं प्रत्येक कातळशिल्प आधी मोजा: एक खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, रत्नागिरी
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग

सन्माननीय महोदय,

या पत्रात एकच मागणी आहे, ती सुरुवातीलाच मांडतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, आजवर सापडलेल्या प्रत्येक कातळशिल्पाची, म्हणजे कातळात कोरलेल्या आकृतीची, त्रिमिती नोंद, मिलिमीटरच्या हिशेबात मोजता येईल अशी, येत्या दोन-तीन उघाडीच्या हंगामांत पुरी करा. ज्या सड्याची अशी पाहणी झालेली नाही, तिथे चिरेखाणीचा, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणीचा, परवाना देऊ नका. आणि झालेली नोंद कुणालाही कातळ फोडण्यासाठी सबब म्हणून वापरता येणार नाही, हे शासनाच्या कागदावर लेखी येऊ द्या. मी राजापूर तालुक्यातला, जमीन मोजणीचं काम करून पोट भरणारा माणूस आहे. पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. पण मोजलेली गोष्ट आणि नुसती पाहिलेली गोष्ट यांतला फरक मला रोजच्या कामातून कळतो, आणि तोच आपल्यापुढे ठेवायचा आहे.

झालेल्या कामाचा आदर ठेवूनच हे लिहितो आहे. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, मालवण तालुक्यातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावतीच्या काठचं पणसायमळ अशी ती नऊ ठिकाणं. त्यासाठी आपल्या कार्यालयातल्या लोकांनी मेहनत घेतली. त्याच्याही आधी रत्नागिरीच्या निसर्गयात्री संस्थेची मंडळी सुट्ट्या खर्च करून गावोगाव फिरली, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत सडे पायाखाली घातले. कुडोपीची शिल्पं सतीश लळित यांनी २००२ मध्ये जगापुढे आणली. आज ज्ञात आकृत्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे, ती या पायपिटीमुळे.

पण यादीत नाव असणं ही एक गोष्ट झाली आणि नोंद असणं ही दुसरी. उद्या कशेळीच्या हत्तीच्या पाठीवरची एखादी रेघ झिजली, तर ती किती झिजली हे सांगायला आपल्याकडे काय आहे? फोटो पुष्कळ आहेत. माझ्या मोबाइलमध्ये आहेत, पर्यटकांच्या मोबाइलमध्ये आहेत, वर्तमानपत्रांत छापून आलेले आहेत. त्यांतला बहुतेक एकही फोटो मोजमापाच्या उपयोगाचा नाही. फोटो दाखवतो, पण खोबण किती खोल होती, कडा धारदार होती की बोथट, छिन्नीचा घाव कोणत्या बाजूने पडला होता, हे त्यातून काढता येत नाही.

कशेळीचंच उदाहरण घेऊ. तिथला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. त्याच्या अंगात दुसरे कित्येक लहान प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. ड्रोनने वरून घेतलेल्या चित्रात अख्खा हत्ती दिसतो, पण आतले प्राणी पुसट होतात. म्हणून ड्रोनचं चित्र हे काम संपल्याची खूण समजू नये. ती पहिली पायरी आहे. स्वामित्व योजनेत गावठाणांवरून ड्रोन उडाले, घरांच्या मिळकत पत्रिका तयार झाल्या, फार चांगलं काम झालं. त्या नकाशात एक चित्रबिंदू पाच सेंटिमीटरच्या आसपास असतो. घराच्या भिंतीसाठी तेवढं पुरतं. बोटभर रुंदीची खोबण त्यात दिसतच नाही.

करायचं काय, ते सविस्तर सांगतो, कारण निविदा काढताना नेमकी हीच बाब धूसर राहते आणि मग काम कमीत कमी खर्चात उरकलं जातं. साधा पूर्ण फ्रेमचा चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि चोवीस मिलिमीटरची लेन्स घ्यावी. कॅमेरा काठीला लावून कातळापासून दोन मीटर उंचीवर, भिंग सरळ खाली करून धरावा. या उंचीवरून एका फोटोत साधारण तीन मीटर बाय दोन मीटरचा तुकडा येतो आणि एक चित्रबिंदू अर्ध्या मिलिमीटरचा होतो. पुढे सरकताना प्रत्येक फोटोचा ऐंशी टक्के भाग आधीच्या फोटोवर आला पाहिजे, आणि शेजारच्या ओळीवर साठ-पासष्ट टक्के. या हिशेबाने कशेळीच्या हत्तीला साडेपाचशे-सहाशे फोटो लागतील. मध्ये मध्ये कॅमेरा तिरका करून आणखी काही घ्यावेत, म्हणजे फोटोंवरून संगणकात उभं राहणारं त्रिमिती मॉडेल मधोमध फुगत नाही. सगळे मूळ, न दाबलेल्या स्वरूपातले फोटो धरले तरी पंधरा-वीस जीबीचा ऐवज होतो. बाजारात मिळणाऱ्या साध्या पेन ड्राइव्हवर तो मावतो.

याला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. एकच ठिपका वेगवेगळ्या जागांवरून टिपलेल्या अनेक फोटोंत सापडला, की संगणक कॅमेऱ्याच्या जागा आणि त्या ठिपक्याची जागा दोन्ही काढतो. असे कोट्यवधी ठिपके मिळून कातळाचा पृष्ठभाग उभा राहतो. पण नुसत्या फोटोंवरून उभ्या केलेल्या या पृष्ठभागाला मोजमाप नसतं. तो एक मीटरचा आहे की दहा मीटरचा, हे संगणकाला कळायला मार्ग नाही. त्यासाठी फोटो काढताना कातळावर प्रमाणित मोजपट्ट्या ठेवाव्या लागतात आणि आजूबाजूला पक्के नियंत्रण बिंदू, म्हणजे नेमकी जागा मोजलेल्या खुणा, घ्याव्या लागतात. आमच्या कामात हे रोजचंच आहे. भूमी अभिलेखकडे आता उपग्रहांच्या मदतीने जागा मोजणारे रोव्हर आहेत, अंतर आणि कोन मोजणारी ईटीएस यंत्रं आहेत, ती चालवणारी माणसं तालुक्याच्या ठिकाणी बसलेली आहेत. एका शिल्पस्थळाचे नियंत्रण बिंदू घ्यायला त्यांना अर्धा दिवस पुरे. दोन खात्यांनी एकमेकांना एक पत्र लिहिलं, तर हे काम कुठलाही मोठा खर्च न करता होऊ शकतं.

उजेडाबद्दल दोन शब्द, कारण घाईत इथेच काम बिघडतं. फोटोग्रॅमेट्रीला सपाट उजेड लागतो, ढगाळ दिवस किंवा सूर्य डोंगराआड असतानाची वेळ. भर दुपारी घेतलेल्या फोटोंत काळ्या सावल्या मॉडेलमध्ये कायमच्या चिकटतात. डोळ्यांना शिल्प दिसण्यासाठी मात्र तिरपा उजेड लागतो, सकाळी कोवळ्या उन्हात किंवा सूर्यास्ताच्या आधी. त्यामुळे एकाच ठिकाणी दोन वेगळ्या वेळी दोन वेगळी कामं करावी लागतात. आणि जिथे रेघा इतक्या झिजल्या आहेत की तिरप्या उन्हातही ओळखू येत नाहीत, तिथे तिसरं तंत्र आहे, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग. त्यात कॅमेरा तिपाईवर पक्का बसवतात आणि रात्री दिवा वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या उंचीवर धरून त्याच चौकटीचे चाळीस-पन्नास फोटो घेतात. चौकटीत एक चकचकीत काळा गोळा ठेवलेला असतो. त्याच्यावर पडलेल्या दिव्याच्या ठिपक्यावरून प्रत्येक फोटोतली उजेडाची दिशा काढता येते. नंतर पडद्यावर हवा तसा उजेड फिरवता येतो आणि घासून गेलेली रेघ वर येते. हे तंत्र २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी मांडलं, म्हणजे त्यालाही आता दोन तपं उलटून गेली. लागतात ती साधनं कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणच्या फोटो स्टुडिओत असतात.

यासोबत एक सूचना प्रत्येक गावात पाटीवर लिहून लावावी अशी आहे. रेघांत चुना, खडूची पूड किंवा रांगोळी भरायची नाही, पाणी ओतायचं नाही, काळं शेवाळ तारेच्या ब्रशने घासायचं नाही. फोटो उठावदार यावा म्हणून हे सर्रास होतं आणि करणारी माणसं शिल्पांवर प्रेम करणारीच असतात. पण भरलेली पूड सच्छिद्र जांभ्यात उतरते, ती परत निघत नाही. शिवाय भरणाऱ्याला जी रेघ वाटली तीच भरली जाते आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला ती मूळची म्हणून दिसते. डिजिटल तंत्राचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे की दगडाला हातही लावावा लागत नाही.

काही जणांकडून डीस्ट्रेच वापरा असं सुचवलं जातं, म्हणून तेही स्पष्ट करतो. ते तंत्र रंगीत चित्रांसाठी आहे. डोळ्यांना एकसारखे वाटणारे रंग ते ताणून वेगळे करतं, त्यामुळे फिकट झालेलं गेरूचं चित्र पडद्यावर उठून येतं. मोर्शीच्या उत्तरेला, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळजवळच्या आंबादेवीच्या शैलाश्रयांत त्याचा फार उपयोग आहे. ती चित्रं २००७ मध्ये अमरावती-मोर्शीकडच्या निसर्गप्रेमी मंडळींनीच शोधून काढली. मध्य प्रदेशातल्याच भीमबेटकाच्या शैलाश्रयांतही त्याचा उपयोग आहे. आपल्या सड्यावर मात्र रंग नाही, खोदकाम आहे. इथे सावली आणि खोली हीच माहिती आहे. प्रत्येक ठिकाणी एकच उपाय लावायचा झाला, तर पैसे जातील आणि हाती काही लागणार नाही.

भीमबेटकाचा विषय निघाला म्हणून विष्णु श्रीधर वाकणकरांची आठवण काढतो. १९५७ मध्ये त्यांनी ते शैलाश्रय जगाला दाखवले आणि पुढे उभं आयुष्य भारतभरच्या शैलचित्रांच्या हाताने प्रतिकृती उतरवण्यात घालवलं. त्यांनी उतरवलेली काही चित्रं आज मूळ भिंतीवर त्यांच्या वेळेइतकी स्पष्ट राहिलेली नाहीत. म्हणजे एका माणसाच्या हातातली पेन्सिल हीच त्या चित्रांची एकमेव जुनी साक्ष. आपल्या हातात त्या पेन्सिलीपेक्षा कितीतरी नेमकी साधनं आहेत आणि आपण ती वापरत नाही, हे मला फार लागतं.

नेमकेपणाचा उपयोग काय, असं विचारलं जाईल. पहिला उपयोग झिजेचा. कोकणात दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस उघड्या कातळावर कोसळतो. उन्हाळ्यात तोच कातळ तापून हात ठेववत नाही. गुरं जातात, माणसं बूट घालून रेघांवरून चालतात. आज घेतलेलं मॉडेल आणि पाच वर्षांनी त्याच पद्धतीने घेतलेलं मॉडेल एकमेकांतून वजा केलं की कुठे किती झीज झाली त्याचा रंगीत नकाशा मिळतो. अंगणवाडीत बाळाचं वजन तक्त्यावर मांडतात तसंच हे आहे. पहिली नोंदच नसेल तर पुढच्या नोंदीला अर्थ राहत नाही.

दुसरा उपयोग अभ्यासाचा. या शिल्पांचं नेमकं वय अजून सिद्ध झालेलं नाही. जांभ्यात कोरलेल्या रेघेत कोळसा नाही, हाड नाही, कार्बन पद्धतीने तपासता येईल असं काही नाही. दहा हजार वर्षं आणि त्याहून मागचे अंदाज मांडले जातात, त्याचा एक आधार म्हणजे कोकणात आज नसलेला गेंडा तिथे कोरलेला आहे. अशा वेळी कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली, आधी काय कोरलं आणि नंतर काय जोडलं, घाव दगडी हत्याराचा की धातूच्या छिन्नीचा, हे खोबणीच्या छेदावरून काही प्रमाणात ताडता येतं. बारसूचा तो दोन प्राण्यांच्या मधे उभा असलेला माणूस आणि ते दोन प्राणी एकाच वेळी कोरले गेले का? कशेळीच्या हत्तीच्या पोटातले लहान प्राणी हत्तीच्या आधीचे की नंतरचे? देवाचे गोठण्याला होकायंत्राची सुई जिथे भरकटते त्या जागेचा आणि तिथल्या माणसाच्या आकृतीचा काही संबंध आहे का? नेमकी मापं असतील तर रत्नागिरीच्या महाविद्यालयातली मुलगी आणि परदेशातला अभ्यासक एकाच पुराव्यावर वाद घालू शकतील.

आता धोक्याबद्दल. सड्याला सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून नोंद आहे. ज्यात भात पिकत नाही अशी ही जमीन गेल्या काही दशकांत दोन कारणांनी मोलाची झाली. एक, हापूसची कलमं. कातळात खड्डे मारून बाहेरून आणलेली माती भरली की तिथेही बाग उभी राहते. दुसरं, चिरा. जांभा खालच्या थरात मऊ असतो, कापता येतो, आणि उघड्यावर आला की टणक होतो, म्हणून घरबांधणीला तो हवाच असतो. चिरेखाण सुरू होते ती वरचा कडक थर जेसीबीने काढून. शिल्पं नेमकी त्याच वरच्या थरावर आहेत. म्हणजे खाण नफ्यात जाण्याच्या कितीतरी आधी, कामाच्या पहिल्याच दिवसांत, शिल्प गेलेलं असतं. ते तिथे होतं हे कुणाला कळतही नाही. जांभा गौण खनिज आहे, त्याचा परवाना २०१३ च्या नियमांखाली महसूल खात्याच्या टेबलावरून जातो. त्या अर्जासोबत एक पान जोडायला सांगा, की या गटातल्या कातळाची पाहणी झाली, अमुक तारखेला झाली, तिचे फोटो अमुक ठिकाणी आहेत. हे पान नसेल तर अर्ज पुढे जाऊ नये. माझ्या समजुतीप्रमाणे यासाठी नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरची इच्छा लागते.

चिरेखाणवाल्यांना मी शत्रू मानत नाही. माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे. आमच्याकडे खाणीवर जाऊन कितीतरी घरांच्या चुली पेटतात. सडे मैलोन्‌मैल पसरलेले आहेत. त्यांतला शिल्पं असलेला भाग फारच थोडा. तो थोडा भाग कुठे आहे हे आधी माहीत असलं तर खाण चार गट सोडून घेता येते. माहीत नसलं तरच संघर्ष उभा राहतो, आणि तो उभा राहीपर्यंत उशीर झालेला असतो.

जमीनमालकांबद्दल मात्र आपल्याला थोडं थांबून ऐकावं लागेल. बहुतेक शिल्पं खासगी जमिनीत आहेत. गावात पहिला प्रश्न हाच येतो की फोटो काढून नेले की इतर हक्कात नोंद पडणार का, आणि नोंद पडली की जमीन गेली का. ही भीती खोटी नाही. ज्या शेतकऱ्याला आपल्या कातळावरचं कोरीवकाम सांगितलं तर तोटा होईल असं वाटतं, तो सांगणार नाही. उलट एखाद्या रात्री त्यावर मातीचा डंपर ओतला जाईल. म्हणून नोंदीच्या कामात मालकाची लेखी संमती घ्या, तयार झालेल्या नोंदीची प्रत त्याला द्या, आणि जिथे संरक्षणामुळे त्याला जमीन वापरता येणार नाही तिथे भाडेपट्टा किंवा मोबदला ठरवून वेळेत द्या. उक्षीला गावाने पुढे होऊन हत्तीभोवती भिंत घातली. गाव मनावर घेतं तेव्हा पहारेकरी नेमावा लागत नाही. दुरून येऊन फोटो काढून निघून जाणाऱ्यांमुळे हे होत नाही. परत येऊन गावातल्या शाळेच्या पडद्यावर तेच शिल्प फिरवून दाखवणाऱ्यांमुळे होतं. मुलं सहज म्हणतात, हे तर आमच्या सड्यावरचं. पुढच्या वेळी तीच मुलं पाहुण्यांना चपला काढायला लावतात.

ज्या जागा अजून राखलेल्या नाहीत त्यांचे नेमके अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी खुले करू नका, हेही आग्रहाने सांगतो. मॉडेल खुलं असावं, ठिकाणाचा पत्ता राखून ठेवावा. फोटोत आपोआप नोंदलं जाणारं ठिकाण प्रसिद्धीच्या प्रतीतून काढून टाकावं. मोटारसायकली थेट शिल्पावर नेऊन उभ्या केल्याचे फोटो मी पाहिले आहेत.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. नोंद झाली म्हणजे जपणूक झाली, असा समज पसरायला वेळ लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या पिलबारा भागात जुकान खिंडीतल्या दोन गुहांमध्ये माणसाच्या वावराच्या खुणा ४६,००० वर्षांपर्यंत मागे जात होत्या. २०१३ मध्ये लोहखनिजाच्या खाणीसाठी त्या नष्ट करायला कायदेशीर परवानगी मिळाली. २०१४ मध्ये तिथे बचाव उत्खनन झालं, सात हजारांच्या आसपास वस्तू काळजीने बाहेर काढल्या, नोंदल्या, ठेवल्या. त्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची माणसाच्या केसांची वेणी होती आणि तिच्यातला जनुकीय वारसा त्या भागातल्या आजच्या पुतू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या आदिवासी लोकांशी जुळला. म्हणजे जागेचं मोल नोंदीतूनच सिद्ध झालं होतं. तरीही मे २०२० मध्ये सुरुंग लावले गेले, कारण परवानगी आधीची होती आणि काढून ठेवायचं ते काढून ठेवलंच होतं. पुढे चौकशी झाली, कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. गुहा परत आल्या नाहीत.

याच्या उलट पोर्तुगालमध्ये घडलं. कोआ नदीच्या खोऱ्यात धरणाचं काम चालू असताना, १९९४ च्या अखेरीस, तिथल्या खडकांवरची अश्मयुगीन खोदचित्रं लोकांना कळली. शाळकरी मुलं रस्त्यावर आली. त्यांची घोषणा होती की चित्रांना पोहता येत नाही. १९९५ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने धरण थांबवलं. १९९८ मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली. फ्रान्समध्ये लास्कोची गुहा माणसांच्या श्वासाने खराब होऊ लागली तेव्हा १९६३ मध्ये ती बंद केली गेली. १९८३ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये लोकांना पाहण्यासाठी प्रतिकृती उभ्या राहिल्या. तिथे नक्कल केली ती अस्सल वाचावं म्हणून.

बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाला गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा काय झालं, ते आपण सर्वांनी पाहिलं. त्या प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात मत मांडायला हे पत्र लिहिलेलं नाही. पण असा प्रसंग पुन्हा येईल, आमच्या किनाऱ्यावर तो येतच राहतो. तेव्हा कुणीतरी अधिकारी किंवा सल्लागार म्हणेल की शिल्पांचं उत्तम त्रिमिती मॉडेल तयार आहे, तुकडे कापून वस्तुसंग्रहालयात नेता येतील, बाकीचं पडद्यावर दाखवता येईल. सड्यावरचं शिल्प तुकड्यात मावत नाही. ते त्या वाऱ्यात, त्या आडव्या क्षितिजापुढे, त्या पाणवठ्यापासून त्या अंतरावर कोरलेलं आहे. देवीहसोळचं चौकोनी शिल्प आर्यादुर्गेच्या देवळाच्या परिसरातून उचललं तर मागे काय उरेल? म्हणून नोंदीच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर एक वाक्य सक्तीचं करा: ही नोंद मूळ शिल्प हलवण्यास, झाकण्यास किंवा नष्ट करण्यास आधार म्हणून ग्राह्य धरली जाणार नाही. प्राचीन स्मारकांच्या १९६० च्या राज्य कायद्याखाली ज्या शिल्पांना संरक्षण मिळालेलं नाही, त्यांचे प्रस्ताव याच नोंदींच्या आधारे पुढे न्या.

नोंद साठवायची कुठे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कंत्राटदार काम करतो, हार्ड डिस्क जमा करतो, बिल निघतं, डिस्क कपाटात जाते. पाच-सात वर्षांनी ती चालू होत नाही, किंवा चालू झाली तर फाइल उघडणारं सॉफ्टवेअर कंपनीने बंद केलेलं असतं. यावर उपाय साधे आहेत. तयार मॉडेलसोबत मूळ फोटो, नियंत्रण बिंदूंची यादी आणि काम कसं केलं याचं टिपण जमा केल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. फाइली कुठल्याही संगणकावर उघडतील अशा खुल्या स्वरूपात असाव्यात. एक प्रत मुंबईत, एक रत्नागिरीत, एक एखाद्या विद्यापीठात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत आणि एक त्या गावच्या ग्रामपंचायतीत. दरवर्षी एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहिली गेली याची सही असावी. आणि मालकी शासनाची आणि गावाची राहावी, कंत्राटदाराची नाही. आपल्याच सड्याचं मॉडेल पाहायला गावाला पुढे पैसे मोजावे लागले, तर त्याची लाज आपल्या सर्वांना वाटेल.

पैशांचं म्हणाल, तर २०१८ मध्ये या शिल्पांसाठी २४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाल्याचं आम्ही वाचलं होतं. त्यातलं किती आलं आणि कशावर खर्च झालं, हे लोकांपुढे मांडलं जावं, ही विनंती. पण मी मांडलेलं काम पैशांपेक्षा माणसांवर जास्त अवलंबून आहे. एक कॅमेरा, एक काठी, चार मोजपट्ट्या, एक रोव्हर, नीट शिकवलेली चार माणसं एवढ्यावर एक पथक उभं राहतं. आमच्याकडच्या आयटीआयमधली आणि महाविद्यालयांतली मुलं हे शिकू शकतात. लग्नाचे फोटो काढणारे तालुक्यातले तरुण तर निम्मं आधीच शिकलेले आहेत. ड्रोनला २०२१ च्या नियमांप्रमाणे परवानग्या लागतात, आणि रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे असल्याने त्या सामान्य माणसाला सहज मिळत नाहीत. तेवढं जिल्हाधिकारी कार्यालयाने हातात घ्यावं.

सुरुवात कुठून करायची, तर यादीतल्या नऊ ठिकाणांपासून नको. तिथे निदान लोकांचं लक्ष आहे. आधी त्या जागा घ्या ज्यांच्या शेजारच्या गटात चिरेखाणीचा अर्ज पडलेला आहे. ते अर्ज आपल्याच कार्यालयांत आहेत. ते आणि शिल्पांची ठिकाणं एका नकाशावर मांडली की कामाचा क्रम आपोआप ठरेल. गवत वाळून कातळ मोकळा होतो तो साधारण नोव्हेंबरात, आणि जूनच्या पहिल्या पावसापर्यंत काम करता येतं. म्हणजे पथकांचं प्रशिक्षण गणपतीनंतर लगेच लागायला हवं. राजापूर तालुक्यातल्या नियंत्रण बिंदूंचं काम मी आणि माझे दोन-तीन सहकारी मोबदल्याशिवाय करून देऊ. आपल्या कार्यालयाने तारीख कळवावी.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक मोजणीदार